बुर्ज खलिफासमोर भेटलेला मफलरवाला

हे लिहावं की नाही यावर आमच्या घरात बरीच चर्चा झाली. नवरा म्हणाला, लिही, पण नीट सगळं सांग, तिखटमीठ लावू नकोस. आई म्हणाली, "लिही की. पण भूत-बीत म्हणू नको त्याला. बिचाऱ्याला वाईट वाटंल."

म्हणून भूत म्हणत नाही. काय म्हणायचं ते मात्र अजून ठरलेलं नाही...

आधी एक सांगते. आमच्या घरात असल्या गोष्टींना थारा नाही. आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हापासून घरात नवस नाही, उतारा नाही, कुणाच्या अंगात येणं नाही. माझे बाबा शाळेत मास्तर होते. गावाबाहेरच्या चिंचेखाली काहीतरी दिसतं अशी आवई उठली, तेव्हा बाबा सतरंजी घेऊन त्याच चिंचेखाली झोपायला गेले होते. सकाळी घरी आले आणि म्हणाले, "मुंग्या लय आहेत, बाकी काही नाही." अशा माणसाची मी मुलगी. या साईटवरच्या सदरातले असले अनुभव मी वाचायचे ते गंमत म्हणून, आणि वाचता वाचता मनातल्या मनात प्रत्येकाचं उत्तर शोधून काढायचे. आता स्वतःवर वेळ आली तर उत्तर सापडेना.

माझं नाव सुजाता. परभणीत माझा आणि नवऱ्याचा, अमोलचा, फोटो स्टुडिओ आहे. लग्नं, हळदी, बारशी, हल्ली प्री-वेडिंग. पोट त्याच्यावर चालतं. माझा स्वतःचा नाद मात्र वेगळा — उंच इमारतींचे रात्रीचे फोटो. आता परभणी जिल्ह्यात राहून हा नाद म्हणजे विनोदच. आमच्याकडे उंच म्हणजे पाण्याची टाकी, नाहीतर मोबाईलचा टॉवर. माझा पहिला चांगला नाईट फोटो गंगाखेडकडच्या साखर कारखान्याच्या चिमणीचा आहे. गाळप सुरू होतं, चिमणीवर लाल दिवे, खाली उसाच्या ट्रॅक्टरांची रांग, आणि वर धूर दिव्यांच्या उजेडात केशरी झालेला. तो फोटो बाबांनी फ्रेम करून शाळेत लावला होता. पुढे ऑर्डरच्या निमित्तानं हैदराबाद, मुंबई झालं. तिथले टॉवर काढले. पण मनात एकच होतं — बुर्ज खलिफा.

माझा धाकटा भाऊ नितीन दुबईत एसी टेक्निशियन आहे. गेल्या हिवाळ्यात त्यानंच तिकीट पाठवलं. "ताई, आता नाही आलीस तर मी परत येईन तोवर तुझे गुडघे जातील," म्हणाला. आई ताडकळसला एकटी असते. बाबा गेल्यापासून आम्ही तिला परभणीला ये म्हणून मागे लागलोय, पण तिला गाव सुटत नाही. शेजारी दत्ताकाका आणि काशीकाकू आहेत. आमची आणि त्यांची भिंत एकच. त्यांच्या भरवशावर मी निघाले. निघताना आईनं डब्यात शेंगदाण्याची चटणी आणि नितीनसाठी धपाटे दिले. "त्या बिल्डिंगचा एक फोटो मलाबी दाव," एवढंच तिचं मागणं.

आता त्या संध्याकाळचं.

उंच इमारतीचा रात्रीचा फोटो खरं तर रात्री काढत नाहीत. सूर्य बुडाल्यावर थोडा वेळ आभाळ गडद निळं होतं, आणि इमारतीतले दिवे लागलेले असतात. त्याला आम्ही ब्लू अवर म्हणतो. नावाला अवर, मिळतात मोजकी मिनिटं. नंतर आभाळ काळं पडलं की इमारतीची कडच दिसत नाही, नुसते दिवे लटकल्यासारखे दिसतात. त्यामुळे त्या वेळेत आम्ही कुणाशी बोलत नाही, कुणी बोललं तर चिडतो.

नितीननं मला एका कालव्याच्या काठाशी सोडलं. तिथून समोर बुर्ज पूर्ण दिसतो, पाण्यात प्रतिबिंबही पडतं. चालायचा रुंद रस्ता, कडेनं स्टीलचा कठडा, बसायला बाकं. नितीन गाडी लावायला जागा शोधत गेला आणि मी ट्रायपॉड उभा केला. फ्रेम अशी लावली की डाव्या बाजूला कठडा आत येईल आणि नजर कठड्यावरून सरकत बुर्जवर जाईल. एका बाकावर एक परदेशी जोडपं बसलं होतं, ते फ्रेममध्ये येत होतं. म्हटलं येऊ दे, माणसांमुळे उंची कळते.

आभाळ निळं व्हायला लागलं होतं. आणि शेजारून आवाज आला —

"लय उंच हाय की ओ."

मी वळून बघितलं. कठड्याला टेकून एक माणूस उभा होता. साठीच्या आसपासचा. सावळा, मिशा पांढऱ्या, कपाळ मोठं. अंगात तपकिरी स्वेटर, घरी विणतात तसलं, आणि कानावरून गुंडाळलेला मफलर. मला हसूच आलं. दुबईत तेव्हा हवा छान होती, लोक अर्ध्या बाह्यांत फिरत होते. डिसेंबर लागला की हवा कशीही असो, मफलर गुंडाळायचाच — हे आमच्याकडचेच लोक करतात. आणि बोलणं तर ऐकलंच होतं.

"कुठले तुम्ही?" मी विचारलं.

"तुमच्याच बाजूचा की."

"परभणीचे?"

त्यानं मान हलवली. हो की नाही ते कळलं नाही. हात एकमेकांवर चोळत तो बुर्जकडे बघत होता. "लय गारठा पडलाय," म्हणाला.

"इथं कुठं गारठा, काका?"

"तिकडं म्हणलं."

मला वाटलं, आज घरी फोन झाला असेल याचा, तिकडच्या थंडीचं ऐकलं असेल. आईही आदल्या दिवशी तेच म्हणाली होती. मी कॅमेऱ्यात डोकं घातलं. तो अजून माझ्या फ्रेममध्येच उभा होता, डावीकडे, कठड्याशी. म्हटलं, काका जरा बाजूला होता का. तर म्हणाला, "तुमी काढा. माझी काय अडचण न्हाई."

वाद घालायला वेळ नव्हता. आभाळाचा रंग अगदी हवा तसा आला होता. मी रिमोट दाबला. शटर बऱ्यापैकी वेळ उघडं ठेवायचं होतं, म्हणजे पाणी गुळगुळीत होतं आणि दिवे चमकतात. तेवढा वेळ फोटोग्राफरला काही काम नसतं, नुसतं हात बांधून उभं राहायचं, ट्रायपॉडला धक्का लागू द्यायचा नाही.

तेव्हा तो म्हणाला, "एवढ्या खिडक्या, अन् एक बी उघडत नसंल."

"नाही उघडत, काका. सगळी काच बंद असते. आत एसी."

"हं." थोडं थांबून म्हणाला, "आईला फोन लावा. मागची खिडकी उघडा म्हणावं. त्यातली गोधडी काढा म्हणावं."

मी त्याच्याकडे बघितलं. त्यानं बघितलं नाही माझ्याकडे. घरातलं मोठं माणूस जाता जाता सांगतं ना, गॅस बंद केला का बघ गं — तशा आवाजात बोलला. त्या आवाजात घाबरवणं नव्हतं, गूढ असं काही नव्हतं. मला वाटलं हा दुसऱ्या कुणाच्या आईबद्दल बोलतोय. आमच्या मागच्या खिडकीत गोधडी कशाला असेल? मी निघाले तेव्हा खिडकी चांगली होती.

"आत्ताच लावा," तो म्हणाला. "फोटू निघतोय तवर."

आणि खरंच, मला दुसरं काही करायचंच नव्हतं. शटर चालू होतं, हात मोकळे होते. मी खिशातून फोन काढला आणि आईला लावला. मनात हेच, की बुर्जसमोर उभी आहे म्हणून सांगावं.

रिंग वाजत राहिली. आईचा फोन तिच्या गळ्यातल्या पाकिटात असतो. पहिल्याच रिंगला उचलते, आणि "हां बोल" म्हणते. त्या दिवशी नाही उचलला. पुन्हा लावला. नाही.

तेव्हा मला पहिल्यांदा गार वाटलं.

मी दत्ताकाकांना लावला. त्यांनी लगेच उचलला. "हां सुजाता, बोल की. दुबईहून का?"

"काका, मागची खिडकी उघडी आहे का आमची? गोधडी आहे का तिच्यात?" हेच माझं पहिलं वाक्य. हे लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम आहे.

"कोन्ती खिडकी? कामून गं?"

"आई फोन उचलंना. जरा जाऊन बघता का?"

"अगं, थंडी लय हाय इकडं. दार लावून पडल्या असतील."

"एवढ्यात? काका, बघा ना. मी फोनवरच आहे."

"बरं, थांब. चप्पल घालू दे."

मग मी जे ऐकलं ते आयुष्यभर विसरणार नाही. त्यांच्या चपलांचा आवाज. कडी वाजवल्याचा आवाज. "ओ वैनी... वैनी, दार उघडा." पुन्हा कडी. मग काशीकाकूंचा आवाज, "अक्का? अक्का, झोपलाव का?" मग काकांचा आवाज बदलला. "काशे, आतून उत्तर न्हाई. मागनं जातो." नंतर काही पडल्याचा आवाज, काकांचं धापा टाकणं, आणि फोन बंद.

मी पुन्हा लावत राहिले, कुणी उचलेना. तेवढ्यात नितीन आला. माझा चेहरा बघून त्याचा पडला. मी सांगितलं, आईचं काहीतरी झालंय. त्यानं त्याच्या फोनवरून लावायला घेतला, आणि मध्येच विचारलं, "ते काका कुठं गेले?"

"कोणते?"

"तुझ्याजवळ उभे होते ते. मफलर बांधलेले. मी तिकडून येताना बघितलं. वाटलं आपल्याकडचं कुणी भेटलं."

मी बघितलं तर कठड्याशी कुणी नव्हतं. लांब सरळ रस्ता होता, दोन्ही बाजूंना दिवे होते. पण तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही. गेला असेल. मला फक्त तो फोन लागायला हवा होता.

शेवटी लागला. काशीकाकू रडत होत्या, पण म्हणाल्या, "हायत गं अक्का. अंगणात आनलंय. डोळे उघडलेत."

झालं होतं ते असं. आदल्या दिवशी मागच्या खिडकीची काच फुटली होती. वारा यायला लागला म्हणून आईनं तिथं गोधडी कोंबली. त्या दिवशी थंडी वाढली, आईचे गुडघे आखडले, म्हणून तिनं शेक घ्यायला कोळशाची शेगडी खोलीत आणली, दार लावलं, आणि जराशी पडली. डॉक्टरांनी नंतर समजावलं — कोळसा बंद खोलीत जळला की जो वायू होतो त्याला वास नाही, रंग नाही, माणसाला कळतच नाही. झोप येते आणि झोपेतच माणूस जातं. दत्ताकाकांनी मागून गोधडी ओढून बाहेर फेकली, खिडकीतून हात घालून दाराची आतली कडी काठीनं सरकवली. दोघांनी मिळून तिला अंगणात आणलं. गावातल्या दवाखान्यात ऑक्सिजन लावला, आणि जीपमधून परभणीला. अमोल दवाखान्याच्या दारात उभाच होता. अजून थोडा उशीर झाला असता तर आई हाती लागली नसती, असं डॉक्टर म्हणाले.

मी दुसऱ्याच दिवशी निघाले. हैदराबादला उतरून रेल्वेनं परभणी. वॉर्डात गेले तर आई उशीला टेकून बसली होती आणि उपम्यात मीठ कमी आहे म्हणून अमोलला ऐकवत होती. मी तिच्या पायाशी बसले आणि इतकं रडले की शेजारच्या कॉटवरच्या बाईनं मला पाणी दिलं.

"फोन वाजलेला ऐकू येत होता मला," आई म्हणाली. "पण हात उचलंना. जसा काही हात माझा न्हवताच. मनात म्हणलं, सुजाता हाय, आता ठेवील फोन अन् लागंल तिच्या कामाला."

"नाही ठेवला," मी म्हटलं.

मग मी तिला त्या माणसाचं सांगितलं. सगळं. आईनं शांतपणे ऐकलं.

"गोधडी म्हणला तो?"

"हो."

"मी तर कुणाला बोलले बी न्हाई. काशीला बी म्हाईत न्हवतं."

आता तुम्ही म्हणाल, फोटोचं काय. आई घरी आल्यावर मी कॅमेऱ्याचं कार्ड लॅपटॉपला लावलं. त्या संध्याकाळचा एकच फोटो आहे, कारण दुसरा मी काढलाच नाही. आणि खरं सांगते, माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात चांगला फोटो आहे. निळं आभाळ, सोन्यासारखा बुर्ज, पाण्यात त्याची झळाळी. बाकावरचं जोडपं स्पष्ट आलंय. मागून चालत गेलेले लोक पुसट झालेत किंवा नाहीसे झालेत, ते बरोबरच आहे. शटर जास्त वेळ उघडं असलं की चालता माणूस उमटत नाही. पण उभा माणूस उमटतो. तो माणूस पूर्ण वेळ कठड्याशी उभा होता, हललाही नव्हता. मी त्याच्याकडेच तर बघत होते. फोटोत तिथं कठडा आहे. सलग, चकचकीत, मागच्या पाण्यासकट. कुठं सावली नाही, धूसरपणा नाही.

अमोलनं तो फोटो मोठा करकरून बघितला. त्याला एक शंका होती, आणि ती रास्त होती. तो म्हणाला, "राग येऊ देऊ नको. पण तो कदाचित नुसतं 'आईला फोन लावा' एवढंच म्हणाला असेल. खिडकी-गोधडी तुझ्या डोक्यात नंतर जोडली गेली असेल. घाबरलं की होतं असं." मलाही ते पटत आलं होतं. पण दत्ताकाका म्हणाले, "न्हाई हो जावईबापू. तिनं फोन केला तवा पयलंच वाक्य खिडकीचं होतं. मीच इचारलं ना, कोन्ती खिडकी म्हणून. अन् दारातनं उत्तर आलं न्हाई तवा त्याच्याचमुळं तर मी सरळ मागं गेलो. तिनं म्हणलं नसतं तर दारच ठोकत बसलो असतो."

नितीनचं म्हणणं, आपल्या भागातला कुणी कामगार असेल, आपलं बोलणं ऐकून थांबला असेल. तो नंतर कितीतरी संध्याकाळी त्या कालव्याच्या काठी जाऊन आला. तिथल्या सफाई कामगारांना विचारलं, सिक्युरिटीला विचारलं. नांदेडचा एक जण भेटला, लातूरचे दोघं भेटले. तो नाही भेटला.

बाबा होते का, असं पुष्कळांनी विचारलं. नव्हते. बाबा उंच होते, मिशी ठेवत नव्हते. मी घरातले सगळे जुने फोटो काढून आईसमोर मांडले. लग्नांचे, शाळेचे, आजोबांच्या काळातले. आईनं मला त्याचे नाक-डोळे पुन्हा पुन्हा विचारले आणि शेवटी म्हणाली, "न्हाई बाई. असा आपल्यात कुणी न्हवता." काशीकाकूंना मात्र शंकाच नाही. त्यांच्या कुलदैवतानं केलं सगळं, त्यांनी नारळ बोललाय. आई त्यांना म्हणाली, "तुझ्या मनाला बरं वाटत असंल तर फोड. पण खोबरं मला आणून दे, चटणीला होईल."

मी अजूनही भुतं मानत नाही. रोज सकाळी आईला फोन लावते, पहिल्या रिंगला "हां बोल" ऐकते, आणि त्यानंतर माझा दिवस सुरू होतो. कधी कधी ते दोन शब्द ऐकून मी पुढे काही बोलतच नाही. आई ओरडते, बिल वाढायलंय म्हणून. माझ्याजवळ हे जे आहे ते कुणीतरी मला परत दिलंय. कुणी, ते माहीत नाही. दत्ताकाकांचे पाय मी धरले, काशीकाकूंना साडी घेतली, डॉक्टरांना पेढे दिले. एकाचे आभार तेवढे राहिले आणि त्याचा पत्ता नाही, याची एक हुरहुर आहे.

तो फोटो मी मोठा करून स्टुडिओत लावलाय. मागच्या महिन्यात आई परभणीला आली तेव्हा तिला दाखवला. ती बुर्जकडे बघतच नव्हती. "कुठं उभा होता?" म्हणाली. मी कठड्याच्या जागेवर बोट ठेवलं. आई चष्मा पुसून तिथं बघत राहिली.

मग म्हणाली, "त्याला चहा इचारलास का?"

"आई, फोटोची वेळ होती, मग तो फोन..."

"म्हंजे न्हाई इचारला." ती खुर्चीवर बसली. खरोखर वाईट वाटलं होतं तिला. "परक्या मुलखात आपल्या बाजूचं माणूस भेटलं. गारठलं होतं म्हणतीस, हात चोळत होतं म्हणतीस. माझ्यासाठी आलं अन् तसंच उपाशी गेलं. कसं गं पोरी."

माझ्याकडे याचं स्पष्टीकरण नाही, आणि मी आता शोधतही नाही. पण ही साईट तिकडे आखातातही पुष्कळ जण वाचतात म्हणून आईच्या सांगण्यावरून एवढं लिहिते. पांढऱ्या मिशा, मोठं कपाळ, तपकिरी स्वेटर, कानाला मफलर, बोलणं आमच्याकडचं. तुम्हाला कुठं भेटले, तर सांगा की ताडकळसच्या मास्तरीणबाई बऱ्या आहेत. आणि कधी या बाजूला आले तर बसस्टँडवर उतरून कुणालाही मास्तरांचं घर विचारा म्हणावं. आई घरीच असते. चहा घेतल्याशिवाय जाऊ देणार नाही.